तयार तक्ता मिळणार नाही

मालवण,
12 मे

प्रिय बाळ्या,

तू मागितलेला व्यायामाचा तक्ता पाठवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पत्र वाचताना तू खाली खाली नजर टाकून तो शोधत बसणार नाहीस. तुझी चिडचिड होणार हे ठाऊक आहे. 'एवढा कोर्स करतोयस आणि मित्राला एक तक्ता देववत नाही?' असं तू वहिनीला ऐकवशीलही. पण कोर्स करतोय म्हणूनच देववत नाही. का ते सविस्तर लिहितो. सुट्टी लागलीय, दुपारी उकाड्याने झोप येत नाही, तेव्हा वेळ आहे.

इतकी वर्षं शाळेत पी.टी.चे तास घेतले, कबड्डीचे संघ तालुक्याला नेले, पण समोरच्या माणसाची तंदुरुस्ती मोजायची कशी आणि त्यावरून त्याचा व्यायाम बेतायचा कसा, हे कुणी हाताला धरून शिकवलं नव्हतं. आता या कोर्समध्ये तेच शिकतोय. यातून माझं एकच मत पक्कं झालंय: ज्या मोजणीमुळे पुढच्या सोमवारचा व्यायाम बदलत नाही, ती मोजणी करून उपयोग नाही. वहीत आकडे भरायला मजा येते, पण माणूस घाम गाळून दमतो आणि हाती काही लागत नाही.

सुरुवात घड्याळ-टेप घेऊन नाही, प्रश्नांपासून होते. कॅनडात तयार झालेली सात प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात. हृदयाचा त्रास कुणी सांगितलाय का, श्रम केल्यावर छातीत दुखतं का, चक्कर येऊन तोल जातो का, हाडा-सांध्यांचं काही दुखणं आहे का, रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू आहेत का, अशी. एका जरी प्रश्नाला 'हो' आलं तरी आधी डॉक्टर, मग व्यायाम. वाचायला सोपं आहे. आपल्याकडे विचारून बघ! शेजारच्या काकीला विचारलं तर सातही प्रश्नांना एकच उत्तर, "माका काय्येक नाय, बरी आसंय." आणि पाणी आणायला ती आत गेली, तर भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागे गोळ्यांचं पाकीट खोचलेलं. हे काय म्हटलं, तर म्हणते, "गोळी घेतंय मां, मगे प्रेशर खंय रवला?" तिच्या हिशेबाने बरोबरच होतं. म्हणून आता मी 'आजार आहे का' असं विचारतच नाही. 'सकाळी चहाबरोबर काय काय घेतेस' असं विचारतो, आणि सगळं बाहेर येतं.

ते पाकीट दिसलं नसतं तर पुढचं गणित पार चुकलं असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या, बीटा-ब्लॉकर म्हणतात त्या, हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाहीत. अशा माणसाला सूत्राने काढलेला नाडीचा आकडा गाठायला लावला तर तो जीव तोडून चालेल आणि आकडा तरी येणार नाही. तिथे नाडी सोडून द्यायची आणि माणसालाच विचारायचं, किती जड वाटतंय. गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने यासाठी 6 ते 20 अशी पट्टी केली. सहापासून का, तर आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुणाची साधारण नाडी निघावी म्हणून. काकीला मी पट्टी दाखवली नाही. ती भजनी मंडळातली. तिला सांगितलंय, चालताना अभंगाची अख्खी ओळ म्हणता येत असेल तर पाय उचल. शेजारणीला उत्तरही देता येत नसेल तर दम खा. बोलता यावं पण गाता येऊ नये, हीच मध्यम श्रमाची खूण, आणि ही ढोबळ कसोटी पुस्तकातही आहे.

एक गंमत म्हणजे आपल्याकडे विश्रांतीची नाडी मोजणं महाकठीण. कुणाच्याही पडवीत टेकलं की आतून चहा येतो, घरच्यांनीही घेतलेला असतो, आणि चहा-तंबाखूनंतर नाडी मोजून काही अर्थ नाही. त्यामुळे ही मोजणी मी माणसावरच सोपवलीय: पहाटे जाग आल्यावर, अंथरुणातच, पूर्ण एक मिनिट.

खुर्चीची गोष्ट सांगतो. साठीच्या पुढच्या माणसांसाठी तीस सेकंदांची उठबस चाचणी आहे. हात छातीवर घडी, खुर्चीवरून पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, तीस सेकंदांत किती वेळा ते मोजायचं. हाताचा आधार घेतला तर शून्य. वेळ संपताना माणूस अर्ध्याहून वर उठलेला असेल तर तेही एक धरायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांना 12 ते 17, पुरुषांना 14 ते 19 असा सर्वसाधारण पल्ला अमेरिकेतल्या मोजणीवरून ठरवलाय. पण यात खुर्चीची बैठक 43 सेंटिमीटर उंचीची लागते, आणि आपल्याकडे घराघरांत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एकीची उंची दुसरीला नाही. दोन-तीन सेंटिमीटर खाली गेलं की गुडघ्यांवर लगेच भार वाढतो. शेवटी शाळेतली एक लाकडी खुर्ची टेपने मोजून घेतली, ती स्कूटरवर मागे बांधून वाडीभर फिरतो. लोक विचारतात, मास्तर, खुर्ची विकायला काढलीत काय? विचारू देत. तीन महिन्यांनी त्याच खुर्चीवर, त्याच वेळेला मोजलं तरच फरक माणसात पडला असं म्हणता येईल, नाहीतर फरक फर्निचरचा.

काकीने त्या खुर्चीवर मला गप्प केलं. जन्मभर जमिनीवर बसून उठलेली बाई, पल्ल्याच्या वरच्या टोकाला पोचली. पण एका पायावर उभी केली तर लगेच भिंत धरली. म्हणजे ताकद आहे, तोल नाही. आता तिला बैठका देऊन काय करू? तिचा व्यायाम तोलाचा: ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहणं, टाचेला चवडा लावून रेघेवर चालणं, पुढे हात सोडून तेच. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोलाचे व्यायाम करा असं जागतिक आरोग्य संघटनाही 2020 पासून सांगतेय. काकी अजून पासष्टीची नाही, पण आधी लागलेलं बरं. पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून आपल्याकडे किती म्हाताऱ्या घसरतात ते तुला माहीतच आहे.

याच्या उलट आमचा रापणीवाला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा, आतेभाऊ. तो म्हणाला, "दिवसभर रापण ओढतंय मी, माका आनी व्यायाम कित्याक होयो?" त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. 1953 साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, तर दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला. तेव्हा मेहनतीचं काम हृदय राखतं, हे मी त्याच्याकडे कबूल केलं. मग त्याला म्हटलं, उजवा हात खांद्यावरून पाठीवर टाक, डावा खालून वर ने, बोटांना बोटं लाव. दोन हातांमध्ये वीतभर अंतर! मूठ अशी की माझी बोटं कळवळली, आणि डोक्यावर हात सरळ नेताना कंबर मागे वाकते. शरीर ज्या कामाला जुंपाल त्याच कामाचं होतं. याला आणखी ओढायचे व्यायाम नकोत; ढकलायचे हवेत, हात वर नेण्याचे हवेत, आणि कंबरेऐवजी मांडीच्या सांध्यातून वाकायची सवय हवी. भिंतीवर हात टेकून जोर, मग ओट्यावर, मग जमिनीवर. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत समुद्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. रापणीलाही तेव्हा सुट्टीच. तो काळ मी याच्यासाठी राखून ठेवलाय. कोर्सच्या पुस्तकातलं वर्ष स्पर्धांच्या तारखांवर आखलेलं असतं. आपलं मिरग, लावणी, गणपती, शिमगा यांवर आखावं लागतं. लावणीच्या दिवसांत दिवसभर वाकून आलेल्या बाईला संध्याकाळी पुन्हा पुढे वाकायचे व्यायाम देणारा माणूस शहाणा नव्हे.

त्यावरून आठवलं, बसून पाय लांब करून पुढे किती हात पोचतो ही चाचणी मी जवळजवळ सोडून दिलीय. परीक्षेला विचारतील म्हणून येते मला. पण भातशेतीतल्या बायका त्यात सहज पास होतात आणि कंबरदुखी तशीच राहते. त्वचेच्या घडीला चिमटा लावून चरबी मोजणंही गावात नको. बायकांना संकोच होतो, आणि मोजणाऱ्याचा हात बसलेला नसेल तर आकडा भरवशाचा नाही. कंबरेला टेप पुरे.

आता भरतीची पोरं. ही माझी खरी डोकेदुखी. पोलीस भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, 100 मीटरचे 15, गोळाफेकीचे 15. पोरं काय करतात, रोज पहाटे समुद्रावर जाऊन सोळाशे मीटर जीव खाऊन धावतात आणि वेळ बघतात. ही तयारी नव्हे, रोज परीक्षाच देणं झालं. आणि मोजायची जागा तरी कशी! सुक्या वाळूत पाय रुततो; तिथे चालायला कठीण जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते आणि धावायला साधारण दीडपटीहून जास्त, असं 1998 साली बेल्जियमच्या संशोधकांनी मोजलंय. ओली वाळू घट्ट असते, पण ती सुकतीला, म्हणजे ओहोटीलाच मिळते, आणि सुकतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. शिवाय किनारा उतरता, एक पाय कायम खाली. अशा ठिकाणी सोमवारची वेळ गुरुवारच्या वेळेशी ताडून बघता येत नाही. म्हणून चाचणी शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघांत, आणि समुद्र हलक्या दिवसासाठी.

त्यांची पहिली मोजणी मी कूपरच्या चाचणीने केली. अमेरिकन हवाई दलातल्या डॉ. केनेथ कूपर यांनी 1968 साली मांडलेली: बारा मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर कापतोस ते बघ. मीटरमधून 504.9 वजा करायचे, 44.73 ने भागायचं, की शरीर मिनिटाला दर किलो वजनामागे किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा अंदाज येतो. 2400 मीटर धावला तर साधारण 42. याने पोरांचे दोन गट सरळ वेगळे पडले. काहींचा दम चांगला पण शंभर मीटरला पाय उचलत नाही; काही शंभरला सुसाट आणि तिसऱ्या फेरीत जीभ बाहेर. पहिल्यांना चढावरच्या छोट्या धावा आणि पायांची ताकद. दुसऱ्यांना आठवड्यातले दोन दिवस अगदी सावकाश, गप्पा मारत लांब धावणं, एक दिवस चारशे-चारशे मीटरचे तुकडे मध्ये विश्रांती घेऊन. सोळाशेची वेळ महिन्यातून एकदाच घेणार. गप्पा मारत धावायला सांगितलं तर पोरांना तो अपमान वाटतो. घाम न येता व्यायाम कसला, म्हणतात. मालवणात मे महिन्यात नुसतं उभं राहिलं तरी घाम येतो रे!

हा घामही नीट समजून घे, कारण तुझ्या ठाण्यातही हीच हवा. घाम वाळतो तेव्हा अंग निवतं. हवेतच पाणी भरलेलं असेल तर घाम वाळत नाही, नुसता गळतो. मग अंग थंड करायला रक्त कातडीकडे जास्त धाडावं लागतं आणि त्याच वेगाला नाडी चढत राहते. जानेवारीत जो वेग सोपा जातो तोच मे महिन्यात जड जातो. म्हणून वहीत तारीख, वेळ आणि हवा, तिन्ही लिहायचं.

आता तुझं. तू शेहेचाळीसचा. जास्तीत जास्त नाडी काढायला लोक 220 मधून वय वजा करतात. 2001 साली तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र मला जास्त पटतं, 208 वजा वयाच्या 0.7 पट. तुझी येते 176. माणसागणिक दहा ठोक्यांचा फरक सहज पडतो, तेव्हा हा आकडा दगडावरची रेघ समजू नको. समज, पहाटेची नाडी 78 निघाली. 176 मधून 78 गेले, 98 उरले. मध्यम श्रमासाठी त्याच्या 40 ते 60 टक्के घ्यायचे आणि त्यात 78 पुन्हा मिळवायचे: 117 ते 137. ही फिनलंडच्या कार्व्होनेन यांची 1957 सालची रीत. आणि 78 ऐवजी 64 निघाली, तर खालचं टोक 109 वर येतं. एकाच वयाचे दोघे, एकाच तक्त्यावर, आणि एकाला जे चालणं हलकं ते दुसऱ्याला जड. तक्ता नाही म्हणतो तो यासाठी.

व्यायाम बेतण्याचा साचा मात्र सगळ्यांना तोच राहील: आठवड्यातून किती वेळा, किती जोराने, किती वेळ, कोणता प्रकार. या चारांत मी एका वेळी एकच बदलतो. आधी मिनिटं वाढवायची, आठवड्याला दीडशेपर्यंत; जोर नंतर. ताकदीचे दोन दिवस वेगळे. डंबेल विकत घेऊ नको, पाच लिटरचा पाण्याचा कॅन पुष्कळ आहे.

या आठवड्यात एवढं कर. ते सात प्रश्न मी वेगळे लिहून पाठवतो, त्यांची उत्तरं दे, आणि वहिनीसमोर दे. रक्तदाब डॉक्टरांकडून मोजून घे. तुझ्या बाबांचा इतिहास मला माहीत आहे, तेव्हा टाळाटाळ नको. तीन दिवस पहाटेची नाडी. कंबर मोजताना शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध टेप धर, श्वास सोडून, पोट आत न घेता. आपल्या लोकांत पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या वर गेली की लक्ष घालायचं. मग दहा मिनिटं तुझ्या नेहमीच्या चालीने चाल आणि थांबल्या थांबल्या नाडी बघ. उठबसही कर, तुझ्या वयाचा पल्ला त्यात नाही, पण तुझ्याशीच तुलना करायला आकडा हवा. खुर्ची मोजून 43 सेंटिमीटरचीच घे, भिंतीला टेकवून ठेव, आणि वहिनीला मोजायला सांग. सोफ्यावर केलेलं मी धरणार नाही.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवाला आशीर्वाद. आंब्याची पेटी शुक्रवारच्या गाडीने पाठवतोय, पिकायला दोन-तीन दिवस लागतील.

तुझा,
बापू