बोर्डवॉक घ्या, हा सल्ला बुडवणारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सुट्टीतल्या बैठ्या खेळांवर एक पान आलं होतं. त्यात 'मोनोपॉली' (आपल्या 'व्यापार'सारखाच, फासे टाकत पटावरच्या जागा घ्यायचा आणि त्यांचं भाडं वसूल करायचा खेळ) जिंकण्याची युक्ती दोन ओळींत उरकली आहे: सगळ्यात महागडी जागा आधी घ्या आणि बाकी नशिबावर सोडा. ते वाचून आमच्या घरी एका माणसाला अतोनात आनंद झाला. आमचे हे वर्षानुवर्षं नेमकं हेच करतात आणि हरतात. आता पेपरातच छापून आलंय म्हटल्यावर त्यांना समजावणार कोण? म्हणून हे पत्र.

मी एका बँकेच्या कर्जखात्यातून निवृत्त झाले. त्या नजरेनं बघितलं की हा खेळ जमिनीचा कमी आणि रोकडीचा जास्त दिसतो. सुरुवातीला हातात येणारे 1500 डॉलर कुठे अडकवले की लवकर सुटतात, एवढाच प्रश्न. 'व्यापार' खेळताना मुंबईसाठी भांडत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हा प्रश्न पडतच नाही.

लेक न्यू जर्सीत एडिसनला असते. सुट्टीत नात येते ती तिथला पट घेऊनच. त्यावरचे रस्ते त्याच राज्यातल्या अटलांटिक सिटीचे. बोर्डवॉक म्हणजे तिथला समुद्रकाठचा लाकडी रस्ता, पटावर 400 डॉलरचा, सगळ्यात महाग. पण सोंगट्या सर्वांत जास्त वेळा जातात कुठे? तुरुंगात. 'तुरुंगात जा'चा चौकोन आहे, तसली पत्ती निघते, शिवाय लागोपाठ तीनदा दोन्ही फाशांवर सारखं दान पडलं तरी रवानगी. आता तुरुंगातून बाहेर पडणारा पुढे कुठे जाईल ते मोजा. सहा, आठ आणि नऊ चौकोनांवर नारिंगी रंगाच्या तीन जागा बसल्या आहेत: सेंट जेम्स, टेनेसी आणि न्यूयॉर्क. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 14 दानं थेट नारिंगीवर नेतात. किंमत 180, 180 आणि 200. त्यांच्यापुढचा लाल गटही चांगलाच चालतो. बोर्डवॉकच्या निळ्या गटात मात्र जागाच दोन, आणि तिथे पोचायच्या आत बरेच जण 'तुरुंगात जा'वर अडकून मागे फेकले जातात.

आता घरांचं गणित. सेंट जेम्सवर दोन घरं असली तर भाडं 200. तिसरं घर बांधलं की एकदम 550! चौथ्याला 750, हॉटेलला 950. म्हणजे तिसऱ्या घराचे 100 डॉलर भाड्यात 350ची भर घालतात, पुढचे प्रत्येकी 200ची. कमीजास्त प्रमाणात पटावर बहुतेक ठिकाणी हीच उडी आहे. म्हणून पूर्ण गट, म्हणजे एका रंगाच्या सगळ्या जागा, हाती आला की आधी प्रत्येक जागेवर तीन घरं, बाकीची हौस नंतर. नारिंगी गट तीन-तीन घरांसकट 1460 डॉलरमध्ये उभा राहतो. निळ्या गटाला जागा दोनच असूनही तीन-तीन घरांसकट 1950 लागतात. भाडं अर्थातच जबर, पण देणारा यायला हवा ना.

यंदा जूनमध्ये नातीनं हे आजोबांना करून दाखवलं. तिच्याकडे बोर्डवॉक होता आणि दोन नारिंगी. ह्यांच्याकडे निळ्या गटातली दुसरी जागा पार्क प्लेस, आणि न्यूयॉर्क. ती म्हणाली, "आजोबा, बोर्डवॉक घ्या, मला न्यूयॉर्क द्या आणि वर चारशे डॉलर." ह्यांनी एका क्षणात हो म्हटलं, वर माझ्याकडे बघून डोळा मारला. निळा गट पूर्ण झाला, पण हातात उरले 150. तिथलं एक घर 200चं! नातीनं हातचे 500 आणि आजोबांचे 400 घालून नऊ घरं ओळीनं मांडली. मग हे तुरुंगातून दुहेरी चार टाकून ऐटीत बाहेर आले ते थेट टेनेसीवर. 550 द्यायचे होते. बोर्डवॉक गहाण 200ला, पार्क प्लेस 175ला, तरी 25 कमीच. शेवटी वॉटर वर्क्स, म्हणजे पटावरची पाण्याची कंपनी, तीही गहाण पडली. गहाण सोडवायचं तर वर दहा टक्के व्याज. असे कर्जदार मी नोकरीत भरपूर पाहिलेत: नावावर मोक्याची जागा, खिशात खडखडाट.

यात नशीब किती? दान त्यांनी टाकलं, मान्य. पण सौदा त्याआधीच झाला होता. तिघं-चौघं खेळत असले की अख्खा गट निव्वळ फाशांच्या जोरावर क्वचितच कुणाकडे येतो, तो अदलाबदलीतूनच पुरा होतो. तेव्हा समोरच्याकडे रोकड किती उरेल हे बघून सौदा करावा. त्यालाही गट मिळू द्या, बांधायला पैसे उरू देऊ नका.

आणखी एक बाब आपल्या पानावर नव्हती, ती घरांच्या टंचाईची. बँकेकडे हिरवी घरं 32च असतात. ती संपली की दुसऱ्यांची बांधकामं बंद, कारण चार घरांशिवाय हॉटेल उठत नाही. म्हणून ऐपत असली तरी हॉटेल बांधायची घाई करू नये. तीन हॉटेलं उभी केलीत तर बारा घरं बँकेत परत जातात आणि शेजारी ती उचलतो. आमची नात घरांवर अशी बसून राहते की ह्यांचा रक्तदाब वाढतो.

रेल्वे घ्याव्यात, चारही मिळाल्या तर दर वेळी 200 येतात. वीज आणि पाणी मात्र दोन्ही असूनसुद्धा सरासरी सत्तरच. तुरुंगातून सुरुवातीला 50 भरून लगेच सुटावं, कारण जागा घ्यायच्या असतात. पट घरांनी भरला की आत निवांत बसावं. भाडं आत बसूनही वसूल होतं. (बाहेरच्या जगातही होत असावं.)

खेळ फार लांबतो, ही आपल्या लेखातली तक्रार खरी आहे, पण तो दोष खेळाचा नाही. जागेवर आलेल्यानं ती घेतली नाही तर बँकेनं तिथल्या तिथे तिचा लिलाव करायचा, असा छापील नियम आहे. बहुतेक घरांत तो पाळतच नाहीत. त्यातून 'फ्री पार्किंग'च्या चौकोनावर दंडाचे पैसे साठवून वाटायचे, ही घरगुती खिरापत. जागा पडून राहतात, फुकटचा पैसा फिरत राहतो, मग कुणी लवकर बुडणार कसं?

आणि हो, हा खेळ चार्ल्स डॅरो यांनी शोधला, असं आपण लिहिलं आहे. त्यांनी तो 1935 मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीला विकला, एवढंच. त्याचं मूळ एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या 'द लँडलॉर्ड्स गेम'मध्ये आहे. त्याचं पेटंट त्यांना 1904 मध्येच मिळालं होतं. जमीनमालक गब्बर होतो आणि भाडेकरू नागवला जातो, हे लोकांना दाखवायला त्यांनी तो बनवला. पुढे पार्कर ब्रदर्सनं त्यांचे हक्क 500 डॉलरला घेतले. मॅगीबाईंचं नाव पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावं, ही विनंती. आणि जागा उरली तर लिलावाचा नियमही, जरा ठळक अक्षरात. आमचे हे चष्म्याशिवाय वाचतात.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली