होसान्ना म्हणजे काय गं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीतली मुले माडाची चुडते हातात धरून 'होसान्ना' गात आली. घरी परतताना नातीला सहज विचारले, "होसान्ना म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "आनंद झाला की ओरडतात ते. हुर्रेसारखं." तिला चाल शिकवली होती, ताल शिकवला होता, चुडते कोणत्या ओळीला उंच करायची तेही शिकवले होते. पण हा हिब्रू शब्द मुळात 'आम्हाला तार' असा धावा आहे, त्या जयजयकाराच्या पोटात एक गाऱ्हाणे आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. त्यात मीही आले, कारण शब्बाथशाळेत ती माझ्याच वर्गात बसते.

आमचे घर मूळचे नगरचे; नवऱ्याच्या बंदरातल्या नोकरीमुळे वास्कोत आलो आणि इथलेच झालो. शेजारच्या घरी वास्कोतल्या दामोदर भजनी सप्ताहाच्या आधी आजी नातवंडांना घेऊन बसते आणि अभंगाची एकेक ओळ उलगडून सांगते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत कशा बुडवल्या, हे त्या मुलांना अभंगासकट ठाऊक असते. आमच्या मुलांना गीते शंभर पाठ असतात, पण ती कोणी आणि कसल्या प्रसंगी लिहिली, हे क्वचितच.

त्या रविवारानंतर मी वर्गात एक बदल केला. गीत शिकवण्याआधी ते लिहिणाऱ्याची गोष्ट सांगायची. पहिले घेतले 'अमेझिंग ग्रेस' हे इंग्रजी भक्तिगीत. ते लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजांवरचा खलाशी. 1748 च्या मार्चमध्ये वादळात जहाज बुडायला आले, तेव्हा त्याने देवाचा धावा केला आणि तो वाचला. इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण मी पुढचेही सांगितले. वाचल्यावर त्याने तो धंदा सोडला नाही, उलट गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला. 1754 मध्ये प्रकृतीने साथ सोडली म्हणून समुद्रावरून उतरला, पुढे इंग्लंडातल्या ऑल्नी गावी चर्चचा पाळक झाला आणि 1773 च्या नववर्षदिनाच्या भक्तीसाठी हे गीत लिहिले. गुलामगिरीविरुद्ध त्याने उघडपणे लेखणी उचलली ती 1788 मध्ये. एका मुलाने विचारले, "म्हणजे वाचल्यावर चाळीस वर्षं लागली?" मी होय म्हटले. त्या दिवशी 'मजसारख्या पतिताला' या अर्थाची ओळ मुलांनी एरवीपेक्षा हळू आवाजात म्हटली. मी तसे सांगितले नव्हते.

मुलांना एवढे कशाला, ती आवडीने गातात तेवढे पुरे, असे काही पालक म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही, आणि गोव्यात तर नाहीच. 1542 मध्ये फ्रान्सिस झेवियर इथे आले, तेव्हा रस्त्यारस्त्याने घंटा वाजवून मुलांना गोळा करत आणि शिकवण गाऊन घेत. राशोलला 1616 मध्ये छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा तर आरंभच मुलांच्या वर्गात होतो. सासष्टीतल्या एका गावी मुले धर्मशिक्षण म्हणत असतात, तेवढ्यात एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो : आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्या मराठीत उभ्या राहिल्या आणि इथल्या चर्चमधून त्या गायल्या गेल्या. पुराणे बंद झाल्याचे दुःख त्या प्रश्नात आहे. तेही मुलांपासून लपवू नये.

'हरळांमाजी रत्नकिळा' शाळेत आपण सगळ्यांनीच घोकले आहे. ती ओवी चर्चमध्ये गायच्या पुराणातली आहे आणि ती लिहिणारा माणूस इंग्लंडातून आलेला होता, हे सांगितल्यावर माझ्या वर्गातल्या मोठ्या मुलांचाही विश्वास बसला नाही.

रेव्हरंड टिळकांचेही तेच. आमच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली त्यांची पदे मुले पेटीवर सुरेख म्हणतात. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे म्हणत असे. हे कळले तेव्हा माझी नात शेजारच्या मैत्रिणीकडे धावत सांगायला गेली, "तुमचे तुकोबा आमच्या गाण्यातपण आहेत!"

सर्व मंडळ्यांच्या पाळकांना आणि गीते बसवणाऱ्यांना माझी विनंती आहे की महिन्याला नवी चार गीते घेण्याऐवजी एकच घ्यावे. कठीण शब्द फळ्यावर लिहून त्यांचा अर्थ आधी मुलांकडून काढून घ्यावा, मग कवीची गोष्ट सांगावी आणि चाल शेवटी बसवावी. नाताळच्या गीतस्पर्धांत सुरांना गुण असतात, तसे अर्थ सांगण्यालाही थोडे ठेवावेत.

आणि आपल्याकडे एक मागणे. रविवारच्या बालपानावर महिन्यातून एकदा एका भक्तिगीताची जन्मकथा छापता येईल का? अभंग, कोकणी गीते, ओव्या, सगळेच त्यात यावे. पहिली कथा सासष्टीतल्या त्या ब्राह्मणाच्या प्रश्नाची असेल, तर ते पान कापून वर्गाच्या भिंतीवर लावण्याचे काम माझ्याकडे लागले.

आपली नम्र,
एक शब्बाथशाळा शिक्षिका, वास्को