मिस्त्रीमामा, तो कडाप्पा बिलात नव्हता

मिस्त्रीमामा, नमस्कार.

तुम्ही सामान आवरून गेलात त्याला महिना झाला. दोनदा आभार मानायला फोन केला, दोन्ही वेळा 'ते ऱ्हाऊ दे, आक्का कशा हाईत?' म्हणून तुम्ही विषय बदललात. म्हणून लिहितोय.

शाहूपुरीतली आमची इमारत चाळिशीला टेकलेली. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, असं सोसायटीच्या उपविधीत छापलंय. आमचं ते पुस्तक मीटरच्या पेटीवर धूळ खात होतं. 2019 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, पार्किंगमधलं पाणी दिवसच्या दिवस हललं नाही, तेव्हा कुठं जाग आली. आणि जाग येऊन ज्याला काम दिलं, त्यानं गंजलेल्या सळ्यांवरच गिलावा थापला, वरनं रंग मारला आणि पैसे घेऊन गेला. पुढच्याच पावसाळ्यात जिन्यातला भलामोठा पोपडा आईच्या पुढ्यात पडला. फोन लावला की साहेब 'साईटवर'. दोन वर्षं साईटवरच होते बहुतेक. आईनं मात्र खाली उतरणं सोडलं ते सोडलंच.

तुम्ही आलात ते हातोडी घेऊन. एकेक पिलर ठोकून, आवाज ऐकून, 'हितं पोकळ हाय' म्हणत खडूनं गोल काढत गेलात. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीटला आतनं ढकलतं, वरनं कितीही लिंपा, हे आम्हाला तेव्हा कळलं. टेकू, सळ्या, पिलरभोवती नव्या काँक्रीटचं जॅकेटिंग, गच्चीचा कोबा, ते सगळ्यांनी बघितलंय. (वर्गणीवरून कोण किती भांडलं तेही.)

मला सांगायचंय ते दुसऱ्या मजल्याच्या वळणाचं. आई दारातनं काम बघत होती. तुम्ही सहज विचारलंत, 'आक्का, जिना चढताना कुठं दमतासा?' हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा. तिनं वळणाकडं बोट केलं. तुम्ही तिथं विटा रचून तिला बसवलंत, एक वीट काढलीत, पुन्हा बसवलंत, पाय फरशीला नीट टेकेपर्यंत. संध्याकाळी कुणाच्या तरी ओट्याचा उरलेला कडाप्पा तिथं बसला. कड घासून गोल केलीत, 'लुगडं अडकाय नको' म्हणून.

बिलात त्याचा रुपया नव्हता. विचारलं तर म्हणालात, 'तुकडा टाकूनच द्यायचा हुता.' महापुरात तालमीची पोरं कुणाचं कोण न विचारता माणसं बाहेर काढत होती, त्यातलंच हे वाटलं मला. ती पोरंही आभार मानायला गेलं की अशीच पळायची.

नवरात्रात आई अंबाबाईला जाऊन आली, स्वतःच्या पायानं. जाताना एकदा आणि येताना दोनदा बसली. 'मिस्त्रीचा कट्टा' म्हणते त्याला. परवा गॅसवाल्यानं त्यावर सिलिंडर टेकवला, तर वरनं ओरडली.