संशोधनाची बातमी पूर्ण द्या, आणि पुढे काय झालं तेही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात "संशोधकांनी शोधून काढलंय की..." अशी सुरू होणारी बातमी आता वरचेवर दिसते, कधी कॅन्सरचं औषध, कधी नवीन बॅटरी, कधी ब्लॅक होल, कधी भूकंप. मी या बातम्या सगळ्यात आधी वाचते आणि त्या कमी कराव्यात असं मला अजिबात वाटत नाही, उलट वाढवा. पण बहुतेक वेळा बातमी वाचून संपते तरी शोधनिबंध कुठल्या जर्नलमध्ये आला, आला की अजून यायचाय, प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, किती जणांवर झाला, पैसे कोणी दिले, यातलं काहीच कळत नाही. मग वाचणाऱ्याने त्या बातमीचं करायचं काय? विश्वास ठेवायचा तर कशाच्या जोरावर, आणि नाही ठेवायचा तर तो तरी कशाच्या जोरावर?

हे किती महत्त्वाचं आहे ते 2020 मध्ये सगळ्या जगाने बघितलंय. 22 मे 2020 ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवर, म्हणजे कोरोनावर देऊन बघितल्या जाणाऱ्या मलेरियाच्या औषधावर, एक शोधनिबंध आला, 671 हॉस्पिटलमधल्या जवळपास 96,000 कोरोना पेशंटचा डेटा असल्याचा दावा होता आणि या औषधाने मृत्यू वाढतात असा निष्कर्ष. दोन-तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने स्वतःच्या ट्रायलमधला त्या औषधाचा भाग थांबवला. पण इतर संशोधकांनी आकडे तपासले तर ऑस्ट्रेलियातल्या फक्त पाच हॉस्पिटलच्या नावावर 73 मृत्यू दाखवलेले, आणि त्या तारखेपर्यंत अख्ख्या ऑस्ट्रेलियात नोंदलेले कोरोनाचे मृत्यू होते 67! शंभरावर शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून मूळ डेटा मागितला, ज्या सर्जिस्फिअर कंपनीचा डेटा होता तिने तो तपासायला दिला नाही आणि 4 जूनला शोधनिबंध मागे घेतला गेला. त्याच दिवशी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिननेही त्याच कंपनीच्या डेटावरचा एक शोधनिबंध मागे घेतला. म्हणजे जगातली दोन सगळ्यात मानाची वैद्यकीय जर्नल, पिअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी इतर तज्ज्ञांकडून तपासणी, झालेली, आणि तरी हे घडलं. कारण पिअर रिव्ह्यू करणारे दोन-तीन तज्ज्ञ लिहिलेलं वाचतात, पद्धत बरोबर आहे का, निष्कर्ष आकड्यांतून निघतो का ते बघतात, ते काही हॉस्पिटलात जाऊन केसपेपर मोजत नाहीत.

आता यातला दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शोधनिबंध खोट्या पायावर उभा होता म्हणून ते औषध चांगलं ठरलं का, तर नाही. ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पेशंट दोन गटांत वाटले होते, 1,561 जणांना हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि 3,155 जणांना नेहमीचे उपचार, आणि 28 दिवसांत मृत्यू झाले 27 टक्के आणि 25 टक्के, म्हणजे काहीच फायदा नाही. "औषध घातक" अशी हेडलाइन आणि मग "तो रिसर्च खोटा" अशी हेडलाइन, एवढंच ज्याने वाचलं तो औषध चांगलंच असणार असं समजून बसला असेल, आणि त्याला दोष कसा द्यायचा? त्याला तिसरी बातमी मिळालीच नाही, किंवा मिळाली तर आतल्या पानावर चार ओळीत.

याच रिकव्हरी ट्रायलमधून जून 2020 मध्ये डेक्सामेथासोनचा निकाल आला. जुनं, स्वस्त स्टेरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर आलं, नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत 26.2 वरून 23.3 वर, आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही, त्यांच्यात तर औषध दिलेल्या गटातले मृत्यू थोडे जास्तच होते. हा शेवटचा भाग किती मोलाचा आहे बघा! "कोरोनावर औषध सापडलं" या तीन शब्दांत तो बसत नाही, आणि घरी थोडा ताप असलेल्या माणसाला नेमकी तीच माहिती हवी असते. संपादक महोदय, बातमीत एक वाक्य वाढवायला जागा नाही असं कृपा करून म्हणू नका.

टक्केवारीबद्दलही सांगायलाच हवं. "अमुक खाल्ल्याने धोका 50 टक्क्यांनी वाढतो" अशी बातमी आली की घरातल्या वयस्कर माणसांची झोप उडते. पण हजारातल्या 2 जणांना होणारा आजार 3 जणांना व्हायला लागला तरी ती वाढ 50 टक्केच, आणि हजारातल्या 200 चे 300 झाले तरी 50 टक्केच. पहिल्यात घाबरण्यासारखं फारसं नाही, दुसऱ्यात आहे. मूळ आकडा शोधनिबंधात बहुधा असतो, तेवढा उचलून बातमीत टाका. आणि प्रयोग उंदरांवरचा असेल तर "उंदरांवर" हा शब्द हेडलाइनमध्येच हवा, आठव्या परिच्छेदात नको, कारण उंदरात चाललेली कितीतरी औषधं माणसांच्या ट्रायलमध्ये चालत नाहीत आणि ज्याच्या घरात पेशंट आहे तो माणूस आठव्या परिच्छेदापर्यंत जातच नाही, तो लगेच डॉक्टरांना फोन लावतो.

फिजिक्सच्या बातम्यांत तब्येतीचा प्रश्न नसतो पण गोंधळ तोच. सप्टेंबर 2011 मध्ये ऑपेरा प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून इटलीतल्या ग्रान सास्सोच्या भूमिगत प्रयोगशाळेत, सुमारे 730 किलोमीटर, पाठवलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचलेले दिसतायत. प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जाऊ शकत नाही असं आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निघतं, म्हणून सगळीकडे हेडलाइन, आइन्स्टाइन चुकला! खरं म्हणजे त्या टीमने असं म्हटलंच नव्हतं. त्यांनी महिनोन्‌महिने स्वतःची चूक शोधली, सापडली नाही, म्हणून जगापुढे आकडे ठेवून सांगितलं की आम्हाला कारण कळत नाहीये, तुम्हीही तपासा. 2012 च्या सुरुवातीला कारण सापडलं, जीपीएसची वेळ कॉम्प्युटरपर्यंत नेणारी एक ऑप्टिकल फायबर केबल नीट बसलेली नव्हती. शेजारच्या इकारस प्रयोगानेही न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाने आल्याचं मोजलं. मला यात शास्त्रज्ञांची फजिती दिसत नाही, इतका प्रामाणिकपणा क्वचित बघायला मिळतो. पण हे वाचकांना कळायला केबलची बातमी आइन्स्टाइनच्या बातमीएवढीच मोठी छापायला हवी होती.

2023 च्या जुलैमध्ये एलके-99 चं तेच. रूम टेंपरेचरला चालणारा सुपरकंडक्टर, म्हणजे वीज वाहताना अजिबात रेझिस्टन्स (अडथळा) नसलेला पदार्थ, सापडला म्हणून प्रीप्रिंट आला, प्रीप्रिंट म्हणजे अजून कुणी तपासलेला नाही असा शोधनिबंध, लेखकांनी स्वतःच अपलोड केलेला. काही आठवड्यांतच वेगवेगळ्या लॅबनी तो पदार्थ बनवून बघितला आणि रेझिस्टन्स एकदम घसरण्याचं कारण त्यातली कॉपर सल्फाइडची भेसळ निघाली. "हा प्रीप्रिंट आहे, अजून तपासणी व्हायचीय" एवढं एक वाक्य बातमीत टाकायला काहीच खर्च नाही.

याचा अर्थ विचित्र वाटणारे दावे छापूच नका असा मुळीच नाही. इस्रायली शास्त्रज्ञ डॅनिएल शेख्तमन यांना 1982 मध्ये मायक्रोस्कोपखाली असा क्रिस्टल दिसला की ज्याची रचना तेव्हाच्या नियमांत बसतच नव्हती, लायनस पॉलिंगसारखा दोन नोबेल मिळवलेला केमिस्ट त्यांच्या विरोधात उभा राहिला, आणि तरी इतर लॅबमध्ये तसेच क्वासीक्रिस्टल मिळत गेले आणि 2011 चं केमिस्ट्रीचं नोबेल शेख्तमन यांना मिळालं. एलके-99 आणि क्वासीक्रिस्टल यांच्यातला फरक पहिल्या दिवशी कुणालाच सांगता आला नसता. तो दुसऱ्यांनी परत करून बघितल्यावर कळतो आणि आमच्यापर्यंत नेमकं हे "परत करून बघणं" पोचत नाही.

भूगर्भ आणि हवामानाच्या संशोधनात तर एकेक गोष्ट दशकं चालते. ओझोनचंच घ्या. 1974 मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी नेचरमध्ये लिहिलं की फ्रिज आणि स्प्रेमधले सीएफसी नावाचे वायू वर जाऊन ओझोन नष्ट करू शकतात, हे केमिस्ट्रीचं गणित होतं, ओझोनच्या थरातलं भोक तेव्हा कुणी बघितलेलं नव्हतं. अंटार्क्टिकावरच्या हॅली बे इथे 1950 च्या दशकापासून जमिनीवरून ओझोन मोजत होते, वर्षानुवर्षं तेच कंटाळवाणं काम, आणि मे 1985 मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी दाखवून दिलं की तिथल्या वसंत ऋतूत ओझोन भयानक कमी होतोय. 1987 मध्ये सीएफसीला आळा घालणारा माँट्रियल करार झाला. आणि गोष्ट तिथेही संपली नाही, 2018 मध्ये नेचरमध्येच शोधनिबंध आला की बंदी असलेला सीएफसी-11 कुठूनतरी परत हवेत सोडला जातोय, पुढच्या वर्षी त्यातला मोठा वाटा पूर्व चीनमधून येतोय असं मोजून सांगितलं गेलं, आणि 2021 पर्यंत तो पुन्हा कमी झाल्याचंही मोजलं गेलं. एवढी जबरदस्त गोष्ट, पण ती एका दिवसाची बातमी नाही म्हणून सलग अशी कुठेच वाचायला मिळत नाही.

भूकंपाच्या बाबतीत मात्र विनंती नाही, आग्रह आहे. अमुक तारखेला भूकंप होणार असं कुणी सांगितलं तर ते छापू नका, तारीख, जागा आणि तीव्रता आधी सांगण्याची पद्धत आज कुणाकडेच नाही. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला साधारण 22 वर्षांनी भूकंप येतो असं दिसलं म्हणून तिथे यंत्रं लावून 1993 च्या आत तो येईल असा अंदाज दिला होता, जगातल्या सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या जागांपैकी ही एक, आणि तो आला सप्टेंबर 2004 मध्ये.

शेवटी मागे घेतलेल्या शोधनिबंधांबद्दल. 2023 या एका वर्षात जगभरात 10,000 पेक्षा जास्त शोधनिबंध मागे घेतले गेले. सगळे छापा असं कोण म्हणेल, पण ज्याची बातमी तुम्ही स्वतः दिली होती तो मागे घेतला गेला तर ते सांगणं तुमचंच काम नाही का? डिसेंबर 2010 मध्ये नासाच्या पत्रकार परिषदेत कॅलिफोर्नियाच्या मोनो लेकमधल्या बॅक्टेरियाची घोषणा झाली होती, फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर जगतो आणि डीएनएतही आर्सेनिक वापरतो असा दावा. जगभर गाजलं. 2012 मध्ये दोन टीमनी दाखवलं की त्याला फॉस्फरस लागतोच, आणि जुलै 2025 मध्ये सायन्स जर्नलने तो शोधनिबंध मागे घेतला, फसवणुकीचा आरोप नाही, लेखकांचा विरोध आहे, पण प्रयोगांतून तो निष्कर्ष निघत नाही असं जर्नलचं म्हणणं. यात चर्चा करण्यासारखं किती आहे, प्रामाणिक चूक असली तरी मागे घ्यावा का, पंधरा वर्षांनी घ्यावा का!

तर आठवड्यातून एकदा, अर्धा कॉलम पुरे, "मागच्या बातमीचं पुढे काय झालं" एवढंच द्या. आणि प्रत्येक संशोधनाच्या बातमीखाली जर्नलचं नाव, वर्ष आणि शोधनिबंधाचा डीओआय नंबर, म्हणजे इंटरनेटवर तो शोधायला कायमचा दिलेला क्रमांक, एका ओळीत छापा, म्हणजे ज्याला बघायचंय तो स्वतः उघडून बघेल. सुरुवात या आर्सेनिकच्या बातमीपासून करता येईल.

आपली,
एक नियमित वाचक