विंदालूची सवय इथे नको

वेंगुर्ले

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. डुकराचं टेंडरलॉइन बाहेरून खडूसारखं पांढरं, भुसभुशीत आणि आतून कोरडं झालं म्हणतोस, म्हणजे ते रात्रभर लिंबाच्या रसात होतं. ही विंदालूची, म्हणजे गोव्याच्या त्या आंबट-तिखट पोर्क रश्श्याची सवय. माडाच्या शिरक्यात (व्हिनेगरात) मांस रात्रभर मुरलं तरी तिथे चालतं, कारण ते चरबीचं, चिवट असतं आणि पुढे तासभर रटरटतं. टेंडरलॉइन हा कण्याच्या आतल्या बाजूचा स्नायू. डुकराला तो फारसा वापरावाच लागत नाही, म्हणून मुळातच मऊ असतो आणि चरबी जवळजवळ नसते. आंबटाने त्याला आणखी मऊ करायला गेलास की वरचा थर आंबटातच ‘शिजतो’ आणि पाणी सोडतो. शिवाय रस आत जातो तो जेमतेम काही मिलिमीटर. खोलवर जातं ते मीठ. तेव्हा रात्री फक्त मीठ लाव, आंबट शेवटच्या तासात.

आपल्याकडे खाटीक हाड-चरबीसकट सरसकट तुकडे करतो, म्हणून टेंडरलॉइनची पट्टी अख्खी हवी हे आदल्या दिवशीच सांगून ठेव. एका जनावरात अशा दोनच पट्ट्या निघतात. मोकाट फिरणाऱ्या डुकराचं मांस घेऊ नकोस, फार्मवरचंच घे. कापताना भाताच्या शितासारखे पांढरट फोड दिसले तर त्या टेपवर्मच्या अळ्या असतात. सगळं मांस टाकून दे, हळहळू नकोस.

वरची चंदेरी पातळ चामडी काढायचीच. ती शिजून मऊ होत नाही, उलट आक्रसते आणि अख्खी पट्टी वाकडी करते. टोकदार सुरी तिच्याखाली घालून धार किंचित वर ठेवून सरकव, म्हणजे मांस वाया जात नाही. निमुळतं शेपूट खाली दुमडून सुती दोऱ्याने बांध, नाहीतर ते आधीच करपतं.

अर्ध्या किलोला ७ ते ८ ग्रॅम बारीक मीठ चोळ आणि जाळीवर ठेवून फ्रिजमध्ये रात्रभर उघडंच राहू दे. इथल्या दमट हवेत बाहेर पृष्ठभाग सुकत नाही, आणि कच्चं मांस बाहेर ठेवायचंही नसतं.

मुरवणासाठी एका संत्र्याची आणि एका लिंबाची साल किसून घे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, तेव्हा सोलण्याआधी अख्खं फळ गार करून किस. पांढऱ्या भागापर्यंत गेलास की कडवटपणा आलाच. हा कीस आधी २ मोठे चमचे तेलात चुरड. सालीचा सुगंध तिच्या तेलात असतो आणि तो तेलातच उतरतो. नुसत्या रसात तितका येत नाही. मग संत्र्याचा रस ४ मोठे चमचे, लिंबाचा १, ठेचलेल्या लसणाच्या ४ पाकळ्या, अर्धा चमचा भरड मिरी आणि चिमूटभर गूळ. गूळ वाढवू नकोस, तव्यावर जळतो. यातले ३ चमचे सॉससाठी आधीच बाजूला काढ, उरलेल्यात मांस घोळव. भांडं काचेचं किंवा स्टीलचं असू दे, ॲल्युमिनियमचं नको. फ्रिजमध्ये पाऊण ते एक तास, बस.

मोसंबीचा मोह टाळ. तिचा रस काढून ठेवला की कडू होत जातो. दारात पपनस असेल तर संत्र्याऐवजी त्याचा रस सुरेख लागतो, फक्त पाकळीवरची पांढरी साल नीट काढ.

भाजण्याआधी मांस कापडाने खडखडीत कोरडं पूस. ओलं टाकलंस तर वाफेवर उकडेल, रंग धरणार नाही. बिडाचा तवा चांगला तापव, तेल टाक आणि प्रत्येक बाजू दीड-दोन मिनिटं लाल कर. मग ओव्हन असेल तर २०० अंशांवर १० ते १४ मिनिटं; नसेल तर मंद आचेवर झाकण ठेवून तेवढाच वेळ, दर ३ मिनिटांनी उलटत. घड्याळावर फार विसंबू नकोस, जाड भागात थर्मामीटर खुपस. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अखंड पोर्कसाठी ६३ अंश सेल्सिअस आणि वर ३ मिनिटं विश्रांती पुरेशी ठरवली. आपल्याकडे मांस तपासलेलं असेलच अशी खात्री नसते, म्हणून माझं मत ७१ अंशांचं. आधी मीठ लावलेलं असल्याने तेवढ्यालाही रस टिकतो. ६८ ला उतरव, झाकून १० मिनिटं ठेव. उरलेले अंश ते आपोआप चढतं. ७१ चा आकडा दिसल्याशिवाय कापू नकोस. कापताना धाग्याला आडवं काप, बोटभर जाड.

त्याच तव्यात अर्धी वाटी संत्र्याचा रस आणि काढून ठेवलेलं मुरवण निम्मं होईपर्यंत आटव. आच बंद करून मगच एक चमचा लोणी आणि थोडं लिंबू घाल. लिंबू उकळलं की त्याचा ताजेपणा जातो. मांस मुरलेलं पाणी यात घालायचं असेल तर आधी खळखळून उकळव.

सोबत उकड्या तांदळाचा भात चालेल, पण मला पावच बरा वाटतो. उरलेल्या चकत्या पुन्हा गरम करू नकोस, कडक होतात. फ्रिजमधून काढून गारच पावात घाल, वर कांदा आणि मिरी.

तुझा,
जिवलग मित्र