रूपक, रुमाल आणि बूट

प्रिय बंडू,

तुझ्या पत्राला दोन महिने उत्तर नाही. कारणं देत बसत नाही, तू ती आधीच ओळखली असशील. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, गुडघा कुरकुरतो. झालं.

आता हसू नकोस. मी नाचाच्या ग्रुपला जातो. हो, मी! देशोदेशीचे लोकनाच, दर गुरुवारी, वीसेक माणसं हात धरून गोल फिरतात. जोडीदार लागत नाही, स्टेज नाही, प्रेक्षक नाहीत, म्हणूनच तर गेलो. सर्बियाचं कोलो, बल्गेरियाचं होरो, पाणी लागल्याच्या आनंदात १९३७ साली एका किबुत्झवर, म्हणजे ज्यूंच्या सामूहिक शेतवस्तीवर, बसवलेलं मायिम. त्यात सगळे हात उंचावत मध्याकडे धावतात. पहिल्या दिवशी मी एकटा बाहेर धावलो. कुणी काही बोललं नाही. तू असतास तर वर्षभर पुरवलं असतंस.

बल्गेरियन ताल म्हणजे छळ आहे. राचेनित्सा सात मात्रांचा, दोन-दोन-तीन. कोपानित्सा तर अकरा: दोन-दोन-तीन-दोन-दोन. मोजायला गेलो की पाय गुंततात. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, मोजू नका, लांब पाऊल कुठे पडतं ते ऐका. आपले तबल्याचे गुरुजी दुसरं काय सांगत होते रे?

मग एक दिवस ग्रीक कालामातियानोस आला. लांब-आखूड-आखूड. तीन-दोन-दोन. बंडू, हा आपला रूपक ताल! मनात ‘तीं तीं ना, धी ना, धी ना’ म्हणत बारा पावलं टाकली, एकही चुकलं नाही. शेजारच्या आजोबांनी माझा हात दाबला. घरी येईपर्यंत मी हवेत.

आणि गेल्या गुरुवारी माती खाल्ली. ह्या नाचात रांगेच्या उजव्या टोकाचा माणूस पुढारी. त्याच्या आणि दुसऱ्याच्या मधे हाताऐवजी रुमाल. नेहमीच्या पुढारीणबाई आल्या नव्हत्या, रुमाल माझ्या हातात आला. पुढारी नेईल तिकडे रांग जाते. मला चेव चढला, मी ती आत वळवली, गोगलगायीच्या शंखासारखी, अजून आत, अजून आत. आत शिरलं की उलटं वळून बाहेर निघायचं असतं, हे सुचेपर्यंत मी मधोमध, समोर एका बाईंचं नाक, हलायला जागा नाही आणि गाणं चालूच. सात मात्रा गेल्या, चौदा गेल्या. सगळे हसले, अगदी प्रेमानं. मीही हसलो. पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आलो, बूट घातले आणि घरी.

कळलं ना? त्या संध्याकाळी तबला वाजवताना माझी तिहाई समेवर, पहिल्या मात्रेवर, आली नाही आणि मी चपला हातात घेऊन मागच्या दारानं सटकलो, ते फक्त तू पाहिलंस. बाकी सगळ्यांना आजही वाटतं मी परीक्षेसाठी तबला सोडला. तू मला पळपुटा म्हणालास, मी चार महिने तुझ्याशी बोललो नाही. (माझा डग्गा मात्र तू ठेवून घेतलास, तेही विसरलेलो नाही.)

तेव्हा निदान सतरा वर्षांचा होतो. आता अठ्ठावन्न, आणि पाय तेच. नाचताना चुकतील, पळताना बरोबर तालात पडतात! बरं, इथे गुरुजी नाहीत, बक्षीस नाही, कुणाला काही पडलेलीही नाही. मग कशाची लाज वाटते? चार दिवस हेच चाललंय डोक्यात.

त्यात बाईंचा निरोप आला: रुमाल तुमच्याकडे राहिलाय का? राहिलाय. खिशातच होता. पांढरा, एका कोपऱ्याला गाठ. धुतला, इस्त्री केली, गाठ तशीच ठेवली. परत द्यायला जावं, की पोस्टानं पाठवू? ही म्हणते, “पोस्टानंच पाठवा.” चेष्टा करते की काय, कळत नाही.

मुलीचा निकाल कळला, शाब्बास म्हणावं. घराचं मार्गी लागलं का? आईंना नमस्कार.

परवा गुरुवार. फोनवर रूपकाचा ठेका रेकॉर्ड करून पाठव. संथ. नेहमीसारखी मधेच दुगुन मारून लय दुप्पट करू नकोस.

तुझा,
पळपुटा