आई-बाबा, माझ्या तीनचाकी गाडीबद्दल

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

परवा गाडीचा फोटो बघून बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तुमच्या त्या "बरं"चा अर्थ मला शाळेत होते तेव्हापासून कळतो. आई, तू विचारलंस, "त्यात झोपून चालवतेस की काय?" मी गडबडीत होते, काहीतरी बोलून विषय टाळला. रात्री मात्र झोप लागेना. तुमच्या जिवाला घोर लागलाय आणि मी तुम्हाला धड काही सांगितलेलंच नाही. एक गोष्ट तर लपवून ठेवलीय. तीही या पत्रात सांगणार आहे, पण आधी गाडी काय आहे ते ऐका.

आई, झोपून नाही गं, रेलून. आरामखुर्चीत पाय लांब करून बसावं तसं. पायांपुढे पेडल, पुढे दोन चाकं, मागे एक, आणि सगळ्यावर फायबरग्लासचं कवच. डोकं तेवढं बाहेर. या जातीच्या वाहनाला व्हेलोमोबाइल म्हणतात. मुळात ती सायकलच आहे. माझ्या गाडीच्या मागच्या चाकात 250 वॉटची मोटर आहे. मी पेडल मारलं तरच ती साथ देते आणि ताशी 25 किमीला साथ सोडते. त्यापुढचा वेग माझ्या पायांचा. बॅटरी धरून गाडीचं वजन 36 किलो, म्हणजे गरज पडली तर मी तिचं एक टोक उचलून तिला जागच्या जागी वळवू शकते.

कवच कशासाठी, असं वाटेल. पावसासाठी आहेच, पण खरं कारण वारा. साध्या सायकलवर वेग घेतला की पायांची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. वेग दुप्पट केला तर हवेचा रेटा चौपट होतो आणि त्यासाठी ताकद आठपट लागते. माणूस आडवा बसला आणि त्याच्याभोवती माशासारखं निमुळतं कवच आलं की हा रेटा खूप कमी होतो. म्हणून एवढीशी मोटर पुरते. माझं ऑफिसला जाऊन-येऊन अंतर 34 किमी. त्याला बॅटरीतले साधारण 230 वॉट-तास जातात, बाकीचं काम पाय करतात. तेवढ्या विजेत चारचाकी इलेक्ट्रिक गाडी जेमतेम दीड किलोमीटर जाते. बाबा, हा हिशोब मी तीन वेळा तपासलाय, तुम्हीही करून बघा. किलोमीटरला दीडशे वॉट-तास धरा.

बाबा, मागे एकदा तुम्ही म्हणालात, असलं काहीतरी पूर्वी इंग्लंडमध्ये आलं होतं आणि बुडालं. बरोबर आहे. ती सिंक्लेअर सी5 नावाची, पेडल आणि मोटर दोन्ही असलेली तीनचाकी. 10 जानेवारी 1985 ला, ऐन थंडीत, लंडनमध्ये तिचं अनावरण झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीचा गाशा गुंडाळला गेला. मोटर तिचीही 250 वॉटचीच होती. पण बॅटरी शिशाची, जड आणि थंडीत लवकर मान टाकणारी. पेडलला गिअर नाहीत, त्यामुळे चढावर पाय आणि मोटर दोघंही दमायचे. आणि बसणारा माणूस उघड्यावर, पावसात. त्या गाडीत कल्पना चुकीची नव्हती, ती काळाच्या आधी आली. आज तेवढ्याच वजनाची लिथियम बॅटरी शिशाच्या बॅटरीच्या चौपट तरी वीज साठवते.

आणि आई, तुझ्यासाठी एक गोष्ट. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचे एक गृहस्थ हलक्या मोटारी बनवायचे. त्यांच्या मुलाला, जॉर्जला, सायकल हवी होती. आई म्हणाली, सायकल धोक्याची, मुळीच नको. मग बापाने पोरासाठी चार चाकांची, पेडलवर चालणारी छोटी गाडी बनवली. ती इतकी सुसाट निघाली की पोरगं सायकलवाल्या मुलांच्या पुढे जायला लागलं. त्यातूनच पुढे मोठ्या माणसांसाठी वेलोकार आली. मग मोशेंनी त्याच नावाची, आडवं बसून चालवायची दोन चाकी बनवली. तिच्यावर फ्रान्सिस फोर या शर्यतपटूने 1933 मध्ये पॅरिसच्या ट्रॅकवर एका तासात 45.055 किमी अंतर कापलं. पुढच्याच वर्षी सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने असल्या आडव्या सायकली स्पर्धेतून बाद केल्या. मला ही गोष्ट फार आवडते, कारण माझ्या गाडीची खापरपणजी एका आईच्या काळजीतून जन्मली आहे.

आता मुख्य मुद्दा. बाबा, मागे फोनवर तुम्ही एक प्रश्न केला होतात, "बिघडली तर कोण बघणार?" मी बघते. रस्त्यावरच्या सायकलवाल्याला ती उघडायची कुठून हे कळत नाही, आणि मोटारीच्या गॅरेजमध्ये तिला कुणी घेत नाही. पहिले दोन महिने मला याचीच भीती वाटायची. आता वाटत नाही, उलट तिच्या अंगचं एकूण एक बोल्ट मला ठाऊक झालंय.

पहिला धडा टायरने दिला. पुढचे दोन्ही टायर 900 किमीमध्ये झिजून आतला दोरा दिसायला लागला. हे टायर कितीतरी हजार किमी चालायला हवेत. मी आधी टायरलाच दोष दिला, तसेच नवे आणून बसवले. मग एका रविवारी जमिनीवर बसून नुसती चाकांकडे बघत राहिले. दोन्ही टायरवर समोरच्या बाजूला, आसाच्या उंचीवर, खडूने खूण केली आणि टेपने दोन खुणांमधलं अंतर मोजलं. मग गाडी हळूच पुढे ढकलली, त्याच खुणा फिरून मागच्या बाजूला आल्या, तिथे पुन्हा मोजलं. सात मिलिमीटरचा फरक! म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांकडे तोंड करून चालत होती आणि प्रत्येक किलोमीटरला रस्त्यावर आडवी घासत होती. एका खड्ड्यात दणका बसला होता तेव्हाच स्टिअरिंगच्या दांडीचा नट सैल झाला असणार. दांडी अर्धा-अर्धा आटा फिरवत, मोजत, पुन्हा फिरवत फरक एक मिलिमीटरवर आणला. दुसऱ्या दिवशी निघाले तर पहिल्याच वळणाआधी कळलं, गाडी अंगणात सोडलेल्या चेंडूसारखी पळत होती. इतके दिवस मी दोन टायर रस्त्यावर उगाळत होते, आणि पाय दुखतात म्हणून स्वतःला दोष देत होते.

दुसरा प्रसंग पावसाळ्यातला. चार दिवस झड लागली होती. पेडल मारलं की मोटर गुरगुरायची, एक गचका द्यायची आणि थांबायची. एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने पाच मिनिटंही पाहिलं नाही, म्हणाला, अख्खी मोटर बदला. मन फार खट्टू झालं. घरी आणून मागचं झाकण काढलं आणि मोटरपासून निघालेली वायर बोटांनी चाचपत गेले. मोटरच्या आत तीन छोटे सेन्सर असतात. चुंबक फिरत फिरत कुठे आलाय हे ते कंट्रोलरला सांगतात, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या तारेत वीज सोडायची हे त्याला कळतं. एकाचा निरोप पोचला नाही की कंट्रोलर भलत्याच वेळी वीज सोडतो आणि मोटर अशी अडखळते. जोड उघडला. एका पिनेवर हिरवी बुकटी जमली होती, तांब्याच्या भांड्यावर जमते तशी. स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने ती पिन घासली, पंख्याखाली दोन तास वाळू दिली, पाणी अडवणारं ग्रीस भरलं. आणि खरी चूक तेव्हा दिसली. वायर वरून सरळ उतरून जोडात शिरत होती, त्यामुळे पाणी तिच्या अंगावरून ओघळत थेट आत. मी जोडाच्या आधी वायरला एक झोळ ठेवला. आता पाणी झोळाच्या तळाशी येऊन खाली टपकतं. त्यानंतर दुसरा पावसाळा गेला, मोटर एकदाही अडखळली नाही.

बाकीची निगा फारशी नाही. चेन साध्या सायकलच्या जवळजवळ तिप्पट लांब आहे, पण कवचाच्या आत असल्याने चिखल लागत नाही आणि खूप टिकते. पुढच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत, ते डबीत बंद असल्यामुळे पावसातही धरतात. पुढची चाकं एकाच बाजूने अडकवलेली असल्याने पंक्चर चाक न काढताच काढता येतं. मागचं पंक्चर मात्र कसोटी बघतं, मोटरची वायर सोडवून चाक बाहेर घ्यावं लागतं. बाबा, उतारावर बॅटरी परत भरते का, असं तुम्ही विचारलं होतंत. माझ्या मोटरीत ती सोय नाही. पाय थांबले की ती चाकापासून सुटते, त्यामुळे चाक मोकळं पळतं. मला ते जास्त मोलाचं वाटतं.

बॅटरीच्या आगीच्या बातम्या आई वाचते, म्हणून तेवढं नीट लिहिते. बॅटरी काढून घरात आणते, आणि चार्जिंग मी जागी असताना, डोळ्यांसमोरच होतं. दाराच्या वाटेत कधीच नाही, म्हणजे काही झालंच तर बाहेर पडायची वाट मोकळी राहील. चार्जर तिचाच, दुसरा कुठलाही लावत नाही. रोज 80 टक्क्यांवर थांबवते, कारण कायम काठोकाठ भरून ठेवली तर आतले सेल लवकर म्हातारे होतात. महिन्यातून एकदा मात्र पूर्ण भरते, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर येतात. शून्य अंशाखालच्या थंडीत लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते. आणि ती कधी हातातून पडली किंवा भिजली, तर तपासून घेतल्याशिवाय चार्जरला लावणार नाही.

आता ती लपवलेली गोष्ट. गेल्या सप्टेंबरमध्ये मी जिन्यावरून घसरले असं तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. मी गाडीसकट पडले होते. ऑफिसच्या अलीकडे उतार आहे आणि उताराच्या तळाशी उजवीकडे वळण. उशीर झाला होता, वेग तिशीच्या वर होता, आणि मी सायकलच्या सवयीने वळले. सायकल वळणावर आत झुकते. तीन चाकांची गाडी झुकत नाही. आतलं चाक हलकं झालं, उचललं गेलं, आणि गाडी डाव्या कुशीवर पडून पाच-सहा हात घसरत गेली. डोक्यावर हेल्मेट होतं. कवचाला लांब ओरखडा पडला, माझ्या खांद्याला आणि कोपराला मुका मार लागला. मागून कुणी येत नव्हतं, हे नशीब. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही गाडी विकायला सांगितलं असतं, आणि मला ती विकायची नव्हती. म्हणून खोटं बोलले. मला माफ करा. एक वर्ष ते मनात रुतून बसलं आहे.

त्यानंतर तीन रविवार रिकाम्या मैदानात जाऊन मी फक्त वळायला शिकले. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. अंग आतल्या बाजूला टाकायचं. आतलं चाक हलकं व्हायला लागलं की बसल्या जागी कसं कळतं, ते मुद्दाम कमी वेगात पुन्हा पुन्हा अनुभवलं. त्या उताराच्या वळणावर आता माझा वेग पंधराच्या आत असतो, कितीही उशीर झाला तरी.

दुसरी भीती गाडी बुटकी असण्याची, आणि ती भीती खरी आहे. माझे डोळे मोटारीच्या दाराच्या मुठीच्या उंचीवर येतात. म्हणून भर दिवसाही पुढचा-मागचा दिवा चालू असतो, आणि काठीवर केशरी झेंडा लोकांच्या नजरेच्या उंचीवर फडकतो. ट्रकच्या चालकाला मी दिसतच नाही असं धरून चालते. सिग्नलला त्याच्या बाजूला कधी थांबत नाही, मागेच राहते. रस्त्याच्या अगदी कडेलाही जात नाही, कारण कडेला असलं की लोक दाबून पुढे जायला बघतात. सरळ रस्ता 14 किमीचा आहे, पण त्यावर अवजड वाहतूक फार. मी 17 किमीचा आतला रस्ता घेते. जोराच्या आडव्या वाऱ्यात गाडी भरकटते, तसा वारा असेल त्या दिवशी बसने जाते.

सकाळी साडेसातला निघते आणि सव्वाआठच्या आत पोचते. वाटेत फोन उचलत नाही, कारण दोन्ही हात गाडीवर असतात. आई, तू तेव्हाच फोन करतेस आणि वाजून बंद होतो, मग तुझा जीव वर-खाली होतो, हे मला बाबांकडून कळलं. उद्यापासून पोचल्यावर गाडीतून उतरायच्या आधीच तुला मिस्ड कॉल देईन. साडेआठपर्यंत आला नाही तर तू कर, मी कुठेही असले तरी गाडी कडेला घेऊन उचलेन.

तुमची लेक